सहा लामा आणि एक रजा

डोंगर माणसाला नम्र करतो. हे वाक्य आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे, आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आखातातल्या रास अल खैमाच्या मागच्या डोंगरांत मी नऊ हंगाम माणसं चढवली आणि उतरवली. त्या नऊ हंगामांत नम्र झालेलं एक गाढव मी स्वतः पाहिलं. त्याचा पाय मुरगळला होता. पाय बरा झाल्यावर तेही पूर्ववत झालं.

माझ्या व्हिसावर 'स्टोअरकीपर' लिहिलेलं होतं आणि खिशातल्या कार्डावर 'एक्स्पिडिशन मॅनेजर' छापलेलं होतं. आखातात सहसा उलटं असतं. व्हिसावर मेकॅनिकल इंजिनिअर आणि माणूस कॅफेटेरियात कांदा चिरतोय. माझ्या बाबतीत व्हिसा खरा होता. संगमनेरहून नव्वदीच्या सुरुवातीला मी शारजात आलो तो एका बांधकाम कंपनीच्या गोदामात. खिळे, प्लायवुड, हेल्मेटं सहीवर द्यायची, सहीवर परत घ्यायची. ती कंपनी बसली, तेव्हा आमच्या अरबाबने, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाने, मला आपल्या दुसऱ्या कंपनीत वर्ग केलं. सोबत एक झेरॉक्स मशीन आणि चार टेबलफॅनही वर्ग झाले. ही दुसरी कंपनी हौशी लोकांना डोंगरात चालायला नेत असे.

ती चालवत होते कॅप्टन हॅलम. इंग्रज, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे. ते कशाचे कॅप्टन होते, पलटणीचे, जहाजाचे की क्रिकेटच्या संघाचे, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं ठाम मत होतं की रास अल खैमाचे डोंगर म्हणजे अरबस्तानातला आल्प्स. माहितीपत्रकात तसं लिहिलेलंच होतं, 'अल्पाइन वाइल्डरनेस'. प्रत्यक्षात डोंगर सुंदर होते, पण करड्या दगडाचे, भाजलेल्या विटेसारखे कोरडे. सर्वांत मोठं झाड छत्रीएवढं. बर्फ आमच्या आइसबॉक्समध्ये असे, तोही दुपारी बारापर्यंत.

पहिले काही हंगाम सामान गाढवांवर जाई. गाढवं सईदची. सईद हा डोंगरातलाच म्हातारा अरब. वर पठारावर त्याचं दगडी घर, पावसाचं पाणी साठवायचं दगडी टाकं, गव्हाची दोन वाफे शेती. उन्हाळ्यात त्याच्या गावातली सगळी माणसं खाली खजुराच्या बागांत जात. सईद एकटा शेळ्यांबरोबर वर राही. कारण विचारलं तर म्हणे, "नीचे आदमी बहुत है." आखातातल्या जुन्या माणसांना मोडकंतोडकं हिंदी येतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं. त्याच्या गाढवांना वाट पाठ होती. आम्ही त्यांच्या मागे चालायचो आणि त्याला 'गाइडेड ट्रेक' म्हणायचो.

मग कॅप्टनसाहेब सुट्टीत अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांनी लोकांना लामांबरोबर डोंगर चढताना पाहिलं.

लामा म्हणजे तिबेटातले नव्हेत. माझ्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत तसा समज होता आणि जावई धर्मकार्यात आहे म्हणून ते समाधानी होते. हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी. उंटाचा नातेवाईक, पण कुबड नाही, अंगावर लोकर, मान उंच आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण त्याच्याकडे नोकरी मागायला आलो आहोत. हॉलंडमधल्या एका फार्मवरून असे सहा विमानाने आले. कार्गोच्या खिडकीवरच्या बाबूने कागद पाहिला, मग पिंजऱ्यात पाहिलं.

"ये क्या है? बकरी?"

"नाही," कॅप्टन म्हणाले. "उंटाच्या कुळातला आहे."

बाबूने पुन्हा पिंजऱ्यात पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि शेरा लिहिला. मी अरबी वाचायला शिकलो होतो. शेरा असा होता: 'उंट, सहा. वाढ खुंटलेले.'

कॅप्टननी त्यांना शिखरांची नावं दिली. एव्हरेस्ट, आयगर, माँ ब्लाँ वगैरे. सईदच्या गाढवांना नावं नव्हती, आणि आता कामही नव्हतं. "फोटोत गाढव अल्पाइन दिसत नाही," एवढंच कॅप्टन म्हणाले. सईदने ते ऐकून घेतलं आणि गाढवं घेऊन वर निघून गेला.

लामा सांभाळायला नूर महंमद आला. पाकिस्तानातल्या चित्रालचा, तिशीतला, बारीक, कमी बोलणारा. त्याच्या गावातून सात हजार मीटरची शिखरं दिसत, घराच्या मागे हिमनदी होती. पहिल्या दिवशी मी त्याला जीपमधून आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी नेलं. त्याने खाली उतरून वर पाहिलं.

"खैरे भाई, पहाड़ यही है?"

"यही है."

"बाकी हिस्सा कहाँ है?"

करार दोन वर्षांचा. दोन वर्षं झाली की दोन महिने रजा आणि येण्याजाण्याचं तिकीट. तो निघाला तेव्हा बायको गरोदर होती. इथे आल्यावर तीन महिन्यांनी मुलगी झाल्याची कॅसेट आली. तेव्हा फोन महाग आणि पत्र लिहिणारे कमी, त्यामुळे घरची माणसं आवाज कॅसेटवर भरून, गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवत. नूरही आपला आवाज भरून तसाच परत पाठवे. नूर ती कॅसेट लामांची नखं कापताना लावे. दुसऱ्या वर्षीच्या कॅसेटवर मुलगी आकडे म्हणत होती. तिसरीवर तिने आईला काहीतरी विचारलं आणि मागे सगळे हसले. मी अर्थ विचारला.

"पूछती है, अब्बा को उलटा करके बजाएँ तो भी बोलते हैं क्या," नूर म्हणाला. तोही हसला. मग त्याने कॅसेट उलटी केली आणि दुसऱ्या पायाचं नख घेतलं.

दोन वर्षं संपली तेव्हा कॅप्टन म्हणाले, हंगाम आहे, हंगाम झाल्यावर. हंगाम झाल्यावर म्हणाले, आता उन्हाळा, जनावरांना कोण पाहील. एजन्सीकडून आलेलं उघड्या तारखेचं तिकीट पासपोर्टात घालून ठेवलेलं होतं. सगळ्या नोकरांचे पासपोर्ट कंपनीकडे असत, स्टोअरमधल्या लोखंडी कपाटात. आणि त्या कपाटाची किल्ली, हे इथेच सांगून टाकतो, माझ्या कमरेला होती. नूरने ती कधी मागितली नाही. मीही कधी दिली नाही. स्टोअरकीपर माल मंजुरीच्या सहीशिवाय देत नाही, अशी माझी तत्त्वनिष्ठा होती. भित्रेपणाला सरकारी भाषेत हाच शब्द आहे.

धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. लामावर बसता येत नाही. हे आधी सांगतो, कारण पाहुणे आधी हेच विचारत. तो फक्त सामान वाहतो, तेही पंचवीस किलोच्या आत, दोन्ही बाजूंना दोन थैल्यांत. दोन्ही थैल्या अर्ध्या किलोच्या फरकात सारख्या असाव्या लागतात, नाहीतर खोगीर सरकून पाठ सोलते. म्हणून निघण्याआधी मी प्रत्येक थैली ताणकाट्याला अडकवायचो आणि हलक्या बाजूला दगड घालायचो. मुक्कामावर पोचल्यावर दगड काढून टाकायचे. लामांच्या हंगामांत मी रास अल खैमाचा बराच भाग खालून वर नेऊन ठेवला आहे.

वजन जास्त झालं तर लामा बसतो. मारा, ओढा, गोंजारा, उठत नाही. जास्तीचं काढा, उठतो. आखातात संपाला बंदी होती, पण ते लामांना कुणी कळवलं नव्हतं. एरवी स्वभावाने शांत, थुंकतात ते बहुधा एकमेकांवर, आणि सगळे मिळून एकाच जागी लेंड्या टाकतात. आमच्या पाहुण्यांच्या तंबूंबाबत मला एवढं म्हणता येत नाही.

आपल्या माणसांचाही एक किस्सा सांगतो, म्हणजे मी फक्त साहेबलोकांवर लिहितो असं कुणी म्हणायला नको. शारजातलं एक मराठी कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, नवऱ्याचे वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. वहिनींनी पाच माणसांच्या मुक्कामाला पाच लिटरचा कुकर आणला होता.

"वहिनी, जेवण आमच्याकडून असतं," मी म्हणालो.

"असू दे हो. बाबांना तुमचं ते पास्ता-बिस्ता चालत नाही. आणि माणशी चारशे दिरहम घेता, म्हणजे चार हजार रुपये. चार हजारांत एक कुकर उचलत नसेल तर तो प्राणी कसला?"

कुकर एका बाजूला आला. दुसऱ्या बाजूला त्यांनी तांदूळ, डाळ आणि लाडवांचा डबा भरला, आणि काटा बरोबर मध्यावर आला. माझ्या उभ्या कारकिर्दीत दगडाशिवाय तोललेलं हे एकमेव ओझं. लामा तरी बसला. एकूण वजन सव्वीस किलो झालं होतं.

"बसला की हो हा," आजोबा म्हणाले.

"ही इज ऑन स्ट्राइक, आजोबा," नातू म्हणाला.

"मराठीत सांग."

"ही इज टायर्ड."

शेवटी लाडू सगळ्यांनी तिथेच खाल्ले, नूरलाही दिले, आणि लामा उठला. वहिनी परत जाताना म्हणाल्या की ट्रिप छान झाली, फक्त तुमचे लामा जरा सुखवस्तू आहेत. मी अजून त्यांच्याशी सहमत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर डोंगर तापतो. नूरच्या तिसऱ्या वर्षी दुबईतल्या एका मोठ्या कंपनीने बारा वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वशिबिर ठरवलं. फेब्रुवारीत ठरलेलं शिबिर त्यांच्या चेअरमनच्या सोयीने सरकत सरकत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेलं. शिवाय लंडनच्या एका मासिकाचा फोटोग्राफर येणार होता.

लामांच्या अंगावर तेव्हा वर्षाची लोकर होती. नूर कॅप्टनकडे गेला, मी दुभाषा.

"साहब, अब ऊन काटना है. पेट के चारों तरफ़. नहीं तो गर्मी अंदर रहेगी."

"फोटोनंतर," कॅप्टन म्हणाले. "माणसं उघडे लामा पाहायला पैसे देत नाहीत. त्याला सांगा, ही ट्रिप नीट पार पडली की दुसऱ्या दिवशी तो घरी. माझा शब्द. लोकरीला हात लावायचा नाही."

मी भाषांतर केलं. नूरने दोन्ही भाग नीट ऐकून घेतले. संध्याकाळी तो स्टोअरच्या खिडकीवर आला.

"खैरे भाई, ऊन काटने वाली कैंची."

"किसलिए?"

"ऐसे ही. साथ में रखूँगा."

माझ्या व्हाऊचरवर 'कारण' असा रकाना असे. तो मी आयुष्यात पहिल्यांदा कोरा सोडला.

ट्रिपच्या सकाळी बारा अधिकारी एकसारख्या टोप्या घालून आले. सामानात घडीच्या खुर्च्या, सिगारचा डबा आणि एक फ्लिपचार्ट होता, लोखंडी स्टँडसकट, संध्याकाळच्या सत्रासाठी. मी सगळं तोललं, जमलं नाही ते जीपमध्ये परत ठेवलं. चेअरमनचं सामान आयगरवर गेलं, दोन्ही बाजूंना बारा-बारा किलो. माझी पाठ वळल्यावर त्यांच्या सेक्रेटरीने त्यात फसफसणाऱ्या पाण्याच्या सहा काचेच्या बाटल्या सरकवल्या. चेअरमन साधं पाणी पीत नसत.

साडेनऊला घळीत वारा पडला. दगडातून वाफ यावी तशी उष्णता येत होती. दहा वाजता वाटेच्या मधोमध आयगर बसला.

मी थैल्या उघडल्या, बाटल्या काढल्या, सेक्रेटरीकडे पाहिलं. तो डोंगराकडे पाहू लागला. आयगर उठला नाही. मी सगळं सामान काढलं, खोगीर काढलं. तरी उठला नाही. तेव्हा नूरने त्याचं तोंड वर केलं. खालचा ओठ लोंबत होता, नाकपुड्या फुगलेल्या, मागचे पाय थरथरत होते.

"गर्मी लग गई," नूर म्हणाला. "घंटे भर में मर जाएगा."

"पाणी ओता त्याच्या पाठीवर," कॅप्टननी हुकूम सोडला.

"पीठ पर नहीं, साहब. ऊन भीगेगी तो गर्मी और बंद होगी. पेट पर, टाँगों में."

कॅप्टन पाहुण्यांसमोर माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते. ते अधिकाऱ्यांकडे वळले. "जंटलमन, नेतृत्वाची हीच घडी असते. अपुरी माहिती, अपुरा वेळ, आणि निर्णय."

चेअरमन पुढे आले. "पर्याय काय काय आहेत?"

आणि मी जे सांगतोय ते शब्दशः खरं आहे: दोघा अधिकाऱ्यांनी फ्लिपचार्टचा स्टँड उघडून त्या घळीत उभा केला. एकाने मार्करचं टोपण काढलं. पहिला पर्याय, जनावर इथेच ठेवून पुढे जाणं. दुसरा, सर्वांनी परत फिरणं. तिसऱ्यावर चर्चा सुरू झाली, कारण एकाचं म्हणणं पडलं की दुसऱ्याचे दोन उपपर्याय होतात.

नूर माझ्याकडे वळला. एवढंच विचारलं, "साहब का लफ़्ज़ था ना? हाथ नहीं लगाना?"

"था," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, कमरेची कात्री काढली आणि आयगरच्या बरगड्यांशी गुडघा टेकून पोटावरची लोकर कापायला लागला. मी पाण्याचे कॅन आणून त्याच्या मागोमाग उघड्या कातडीवर ओतत राहिलो. फसफसणाऱ्या बाटल्याही ओतल्या. फोटोग्राफर आतापर्यंत चार्टचे फोटो काढत होता, तो आमच्याकडे आला. चौथा पर्याय लिहून होईतो आयगर मधोमध गुळगुळीत झाला होता, दोन्ही टोकांना लोकर, मध्ये काही नाही, एखाद्या तक्क्याला पट्टा बांधावा तसा. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि नूरच्या सदऱ्यावर थुंकला. तब्येत सुधारल्याची ती खूण.

कॅप्टन जवळ आले, आवाज न चढवता म्हणाले, "त्याला सांगा, त्याने आत्ता स्वतःची रजा कापली."

मी सांगितलं. नूरने कात्री पाण्यात बुचकळली, सदऱ्याला पुसली.

"अच्छा. छुट्टी तो गई. फिर बाकी पाँच क्यों मरें?" असं म्हणून त्याने एव्हरेस्टला पकडलं. अकरा वाजेपर्यंत सहाही शिखरं बोडकी झाली होती.

वरून घंटांचा आवाज आला. सईद चार गाढवं घेऊन उतरत होता. तो सकाळपासून वरच्या कड्यावर बसून आमच्याकडे पाहत होता, असं त्याने नंतर सांगितलं. आमच्या शिबिराचा खर्च एका म्हाताऱ्याच्या करमणुकीवर होत होता तर. त्याने सामान गाढवांवर चढवलं, फ्लिपचार्टसकट, आणि लामांकडे बोट करून कॅप्टनला म्हणाला, "हैवान अच्छा है. लेकिन अप्रैल में गधा भी बिना पूछे नहीं चढ़ता." हैवान म्हणजे अरबीत साधं जनावर.

कॅप्टननी मला अर्थ विचारला. मी म्हणालो, तो आपलं स्वागत करतोय.

शिबिर उत्तम झालं. समारोपाला चेअरमन म्हणाले की संकटात आपण सगळ्यांनी मिळून निर्णय घेतला. बाराजणांनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी कॅप्टन नेहमीप्रमाणे उन्हाळ्यापुरते इंग्लंडला निघाले. जाताना मला यादी दिली: लामा पायथ्याच्या शेडमध्ये कूलरसमोर ठेवायचे, नूरने तिथेच राहायचं, गाडी दर आठवड्याला सुरू करायची, रजेचं सप्टेंबरात बघू. सप्टेंबर म्हणजे हंगामाची तयारी, तयारी म्हणजे हंगाम. मला ते गणित पाठ होतं. नूरलाही होतं. त्या आठवड्यात नखं कापताना त्याने कॅसेट लावली नाही, इतकंच.

तीन दिवस मी स्टोअरमध्ये बसून हेल्मेटं मोजली. ती तितकीच होती. मग सईदला भेटायला वर गेलो. वरची हवा खालच्यापेक्षा बरीच थंड. मी विचारलं, दोन महिने सहा जनावरं ठेवशील का. त्याने अट घातली: हंगामात गाढवं पुन्हा कामावर. मी एक्स्पिडिशन मॅनेजरच्या अधिकारात ती मान्य केली. त्या कार्डाचा तेवढाच उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी नूरला खिडकीवर बोलावलं. कपाट उघडून पासपोर्ट आणि तिकीट काढलं, व्हाऊचर भरलं. माल: पासपोर्ट, नग एक. तिकीट, नग एक. कारण: रजा. मंजुरीच्या रकान्यात मी माझी सही केली.

नूरने व्हाऊचर पाहिलं. "साहब पूछेंगे तो?"

"सांगेन, नियमानुसार दिलं."

"आपको निकाल दिया तो?"

"माझाही पासपोर्ट याच कपाटात आहे. कुठल्या कप्प्यात ते मला माहीत आहे."

त्याने सही केली. मी दोन्ही वस्तू त्याच्या हातात ठेवल्या आणि घाईने म्हणालो, "जा. आता मागे बघू नकोस." वाक्य चांगलं होतं. तो खरोखरच मागे वळून मला पावतीची प्रत मागायला आला.

पुढचे दोन महिने मी फोन वाजला की उभा राहायचो. घरी बायकोला सांगितलं होतं, कदाचित आपल्याला संगमनेरला जावं लागेल. तिने दोन बॅगा काढूनही ठेवल्या. कॅप्टनचा फोन दोनदा आला. एकदा विचारलं, गाडी दर आठवड्याला सुरू करताय ना. एकदा विचारलं, नव्या माहितीपत्रकाला हिरवा रंग बरा की करडा. मी करडा म्हणालो. नूरबद्दल एक शब्द नाही, लामांबद्दल नाही. मी मात्र मनाशी भाषण तयार ठेवलं होतं. माणुसकी, करार, बापाने अजून न पाहिलेली मुलगी, सगळं त्यात होतं. ते अजून माझ्याकडे तयार आहे.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी स्टोअरच्या खिडकीशी नूर उभा होता. हातात अक्रोडांची पिशवी, दुसऱ्या हातात पासपोर्ट.

"तू परत आलास?" मला, खरं सांगायचं तर, थोडा रागच आला. मी एका माणसाला सोडवलं होतं, आणि तो परत आला होता.

"छुट्टी दो महीने की थी, खैरे भाई. नौकरी थोड़ी छोड़ी थी." त्याने पासपोर्ट खिडकीतून आत सरकवला. "जमा कर लीजिए."

"मुलगी?"

"पंद्रह दिन माँ से पूछती रही, ये आदमी कब जाएगा. फिर एक दिन ख़ुद आकर बैठी. उसके बाद उठती ही नहीं थी." मग म्हणाला, "आयगर के नाख़ून बढ़ गए होंगे."

आम्ही वर जाऊन लामा उतरवून आणले. सईदच्या शेळ्यांमध्ये राहून ते तगडे झाले होते.

सप्टेंबरात कॅप्टन परतले. लामा पाहून खूश झाले. "बघा, शेड आणि कूलर. मी म्हणालो नव्हतो?" मासिक आलं होतं. त्यात आल्प्स नव्हता, फ्लिपचार्ट नव्हता, घळीत गुडघा टेकून कात्री चालवणारा नूर पूर्ण पानभर होता. लंडनहून चौकशीची पत्रं येऊ लागली, आणि सगळ्यांना तोच माणूस आणि ते अर्धं भादरलेलं जनावर पाहायचं होतं. कॅप्टननी नव्या माहितीपत्रकात 'पारंपरिक लोकरकापणी' हा कार्यक्रम घातला आणि सईदच्या गाढवांना 'वारसा विभाग' असं नाव देऊन परत घेतलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी पाहुण्यांसमोर नूरला पुढे बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाषण केलं. हा माणूस तीन वर्षं घरी गेला नाही. आपल्या मुलीचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही. का? तर ही सहा जनावरं. डोंगराची निष्ठा ती हीच. आणि म्हणून कंपनी आज त्याला येत्या डिसेंबरात दोन महिन्यांची खास रजा मंजूर करत आहे. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

"मिस्टर खैरे, त्याला सांगा."

मी सांगितलं. नूरने माझ्याकडे पाहिलं. मी ताणकाट्याकडे पाहिलं.

"साहब को शुक्रिया बोलिए," तो म्हणाला.

"तिकीट कपाटात असेल," कॅप्टन म्हणाले.

"मुदत संपली, सर. उघड्या तारखेचं एक वर्षच चालतं," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

"मग दुसरं काढा. अशा गोष्टीत कंजुषी नको."

डिसेंबरात नूर गेला आणि साठ दिवसांनी परत आला. मुलीने या वेळी ओळखलं का, असं मी विचारलं.

"पहचाना," तो म्हणाला. "बोली, फिर आ गया."

मी ती नोकरी सोडेपर्यंत कॅप्टनसाहेब प्रत्येक नव्या तुकडीला हेच सांगत राहिले की हा माणूस जनावरांपायी तीन वर्षं घरी गेलेला नाही. पाहुणे नूरशी आदराने हस्तांदोलन करत. आमच्या कंपनीत एका वर्षात दोनदा रजेवर गेलेला तो एकटाच नोकर होता.